कोरड्या भूमीवरील नौकानयन

परभणी जिल्ह्यांत वल्हवण्याच्या व्यायामाची गोष्ट काढली, तर ऐकणाराच्या चेहऱ्यावर प्रथम स्मित उमटेल. गोदावरी या जिल्ह्यांतून वाहते. दुधनेला पोटांत घेऊन पूर्णा येथेंच तिच्या भेटीस येते. येलदरीस पूर्णेचें पाणी अडवून मोठा जलाशय झाला आहे. हें सर्व खरें. परंतु पावसाळा सरला कीं नद्यांच्या पात्रांत पाण्यापेक्षां वाळूच अधिक दिसूं लागते, आणि जेथें प्यावयाच्या पाण्याची चिंता अनेक वर्षीं होळीपूर्वींच सुरू होते, तेथें नौकाविहाराची हौस कोणी करावी?

या भाषणाचा विषय असलेलें वल्हें मात्र पाण्यांत बुडत नाहीं. व्यायामशाळेच्या कोपऱ्यांत एका लांब दांड्यावर मागेंपुढें सरकणारें आसन, पुढें पाय टेकावयाच्या दोन फळ्या, आणि साखळीच्या टोकास बांधलेली एक आडवी मूठ, एवढाच त्याचा संसार. लोक त्याला रोइंग मशीन म्हणतात. तरुण मंडळी त्यावर घाम गाळतात ती दंडाच्या आणि छातीच्या हौसेनें. परंतु ज्यांना त्याचा खरा उपयोग आहे तीं माणसें बहुधा आपलें वय आठवून त्याच्या जवळून पुढें निघून जातात. साठी उलटलेल्या स्त्रीपुरुषांना हें यंत्र काय देऊं शकतें, काय देऊं शकत नाहीं, आणि तें घेण्याची योग्य रीत कोणती, याचा विचार येथें करावयाचा आहे.

उतारवयांत मनुष्य मृत्यूला भितो असें म्हणतात. पण घरोघरच्या वृद्धांचें बोलणें लक्षपूर्वक ऐकलें, तर भीति दुसऱ्याच गोष्टीची असते असें आढळून येईल. ती भीति परस्वाधीनतेची होय. पूजेला पाटावर बसल्यावर उठतांना सुनेला हांक मारावी लागणें, न्हाणीघरांतील बादली उचलण्यास नातवाची वाट पाहणें, लग्नाच्या पंगतींत जमिनीवर बसावें कीं न बसावें याचा मनाशीं हिशेब करणें, या लहान लहान गोष्टींतूनच मनुष्याचें स्वातंत्र्य हळूहळू गळत जातें. शरीरशास्त्र याचें कारण सांगतें तें असें: तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचा सुमारे ३ ते ८ टक्के भाग झिजतो, आणि साठीनंतर ही झीज अधिक वेगानें होते. मांड्या आणि नितंब यांचे मोठे स्नायू दुबळे झाले कीं उठणें, बसणें आणि जिना चढणें अवघड होतें. आणि अवघड झालें म्हणून मनुष्य तें टाळतो, व टाळल्यामुळें तें अधिकच अवघड होतें. वार्धक्याच्या नांवावर जमा होणारा बराचसा दुबळेपणा वस्तुतः या टाळाटाळीचा असतो.

पूर्वींच्या घरांत ही टाळाटाळ शक्यच नव्हती. याच जिल्ह्यांतील गोदाकांठचें गंगाखेड हें संत जनाबाईंचें जन्मगांव. जनाबाईंचें नांव घेतलें कीं मराठी मनापुढें जातें उभें राहतें, आणि त्या जात्याच्या खुंट्यास हात लावणारा विठ्ठलही उभा राहतो. भक्तीची ती कथा क्षणभर बाजूस ठेवून केवळ श्रमाकडे पाहिलें, तर असें दिसेल कीं जात्यावर बसलेली स्त्री कमरेपासून पुढें झुकत होती, मागें रेलत होती, आणि हाताबरोबर पाठीनेंही ओढत होती. आडाचें पाणी शेंदणारी माणसें पाय रोवून, दोर ओढून, सारें अंग कामास लावीत. पुढें गिरणी आली, नळ आला, विजेचा पंप आला, आणि ओढण्याचें काम घरांतून निघून गेलें. चालणें उरलें, ओढणें गेलें.

याचा अर्थ जातें परत आणावें असा मुळींच नव्हे. त्या श्रमानें शरीरें जशीं घडलीं तशीं मोडलींही. बाळंतिणीला, आजारी स्त्रीला, अर्धपोटी मजुराला त्या श्रमांतून सुटका नव्हती. त्या श्रमाला माप नव्हतें. दळण संपेपर्यंत दळणें एवढाच त्याचा नियम होता. वल्हवण्याच्या यंत्राचें महत्त्व येथेंच आहे. जी ओढ घरांतून गेली ती हें यंत्र परत देतें. पण मोजून देतें, आणि वापरणाऱ्याच्या शक्तीप्रमाणें देतें.

या यंत्राची कल्पना फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अथेन्सचा सेनानी काब्रियास यानें नवख्या वल्हेकऱ्यांना समुद्रकिनाऱ्यावर लांकडी चौकटींवर बसवून, ठेका सांभाळून वल्हवण्याचा धडा दिला, असें प्राचीन ग्रंथकार सांगतात. यंत्रयुगांत १८७२ सालीं अमेरिकेंत विल्यम कर्टिस यानें द्रवाच्या रोधावर चालणाऱ्या वल्हवण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. १९१२ सालीं बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरील व्यायामशाळेंतही असें एक यंत्र होतें. खाऱ्या पाण्याच्या अफाट विस्तारावर उतारू कोरडें वल्हें मारीत होते! सध्यांच्या यंत्राचा जन्म मात्र १९८१ चा. अमेरिकेंतील व्हरमाँट प्रांतांत ड्रायसिगेकर नांवाच्या दोघां भावांनीं सायकलच्या चाकाला पंख्यासारखीं पातीं लावून एक यंत्र तयार केलें. नद्या गोठल्यावर वल्हेकऱ्यांना सराव करतां यावा हा त्यामागचा हेतु. त्यांच्या कन्सेप्ट टू या संस्थेचीं यंत्रें पुढें जगभर गेलीं, आणि या बैठ्या नौकानयनाच्या स्पर्धाही सुरू झाल्या.

महाराष्ट्राला ही विद्या अगदींच परकी नाहीं. पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा नौका-क्लब आणि त्याचा वार्षिक रेगाटा पिढ्यान्‌पिढ्या गाजत आला आहे. परंतु मराठवाड्याच्या श्रोत्यांना अधिक जवळचें वाटेल असें नांव दत्तू भोकनळ यांचें. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यांतील तळेगांव रोही हें त्यांचें गांव, अवर्षणाच्या पट्ट्यांतलें. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचें काम करणारा हा तरुण सैन्यांत भरती झाला, वल्हें हातीं धरण्यास तेथें शिकला, आणि २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें एकेरी नौकेच्या शर्यतींत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेंत चौघांच्या नौकेंत त्यांना सुवर्णपदक मिळालें. ज्या गांवांत पाण्यासाठीं जमीन खोदावी लागते त्या गांवांतूनही वल्हेकरी निर्माण होतो. वल्हें पाण्याचें असलें तरी वल्हवण्याचें बळ पायांचें असतें.

पायांचें असें म्हटलें तें मुद्दामच. बहुतेकांचा समज असा कीं वल्हवणें म्हणजे हातांनीं ओढणें. वस्तुतः या व्यायामांतील निम्म्याहून अधिक जोर पायांचा असतो. त्यानंतर पाठ व कंबर, आणि सर्वांत शेवटीं हात. त्यामुळें एकाच हालचालींत मांड्या, पोटऱ्या, नितंब, पाठ, खांदे आणि दंड हे सर्व मोठे स्नायू राबतात, आणि तेवढ्या स्नायूंना रक्त पुरवावयाचें म्हणून हृदय व फुप्फुसें यांनाही काम पडतें. शिवाय शरीराचा भार आसनावर असल्यामुळें धांवण्यांत गुडघ्यांना जे आघात सोसावे लागतात ते येथें नसतात. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा केलेला प्रसार महाराष्ट्र विसरलेला नाहीं, आणि ज्यांना नमस्कार साधतात त्यांनीं ते सोडण्याचें कारण नाहीं. परंतु ज्यांचीं मनगटें दुखतात, किंवा डोकें खालीं नेतांच ज्यांना भोंवळ येते, अशांना बसल्या जागीं होणारा हा व्यायाम अधिक सोईचा पडतो.

यंत्राच्या गुणांपैकीं सर्वांत मोठा गुण समजण्यासाठीं थोडें गणित पाहणें अवश्य आहे. पंख्याच्या यंत्रांत मूठ ओढली कीं चाक फिरतें आणि त्याचीं पातीं हवा कापतात. जितक्या जोरानें ओढावें तितका हवेचा विरोध वाढतो. आणि तो वेगाच्या मानानें सरळ न वाढतां फार झपाट्यानें वाढतो. यंत्रावरील लहानशा पडद्यावर पांचशे मीटर जाण्यास किती वेळ लागेल हें दिसत असतें. ५०० मीटरला ४ मिनिटें या चालीस सुमारे २५ वॅट शक्ति लागते. ३ मिनिटांच्या चालीस ६०. अडीच मिनिटांच्या चालीस १०४. आणि २ मिनिटांच्या चालीस २०० च्या वर. म्हणजे वेग दुप्पट करावयाचा तर शक्ति आठपट लागते.

या हिशेबांत वृद्धांकरितां एक आश्वासन आहे आणि एक इशाराही आहे. आश्वासन असें कीं, जो हळू ओढील त्याला यंत्र हळूच उत्तर देतें. चालतें पट्टे असलेलें यंत्र माणसाला आपल्या गतीनें चालावयास लावतें. हें यंत्र तसें करीत नाहीं. मूठ सोडून दिली कीं सारें शांत. इशारा असा कीं, पडद्यावरील आंकड्यांतून पांच सेकंद कमी करण्याच्या हट्टापायीं हृदयावर पडणारा बोजा मात्र वेगाच्या मानानें बराच अधिक वाढतो. शेजारचा तरुण कोणता आंकडा गांठतो हें पाहून ओढूं लागणें म्हणजे नातवाशीं पैज लावून झाडावर चढण्यासारखेंच आहे. चाकाच्या बाजूस एक ते दहा आंकड्यांची जी कळ असते तिच्याविषयींही असाच गैरसमज आहे. दहावर ठेवल्यानें व्यायाम चांगला होत नाहीं. नाव जड होते इतकेंच. उतारवयाच्या मनुष्यानें ती तीन-चारच्या पुढें नेण्याचें कारण नाहीं.

आतां वल्हवण्याची रीत. पट्टा पावलाच्या रुंद भागावर बांधावा. गुडघे वाकवून पुढें यावें, हात सरळ असावेत, आणि धड कमरेच्या सांध्यांतून थोडें पुढें झुकलेलें असावें. पाठ कण्यांत वाकवून कुबड काढूं नये. मग प्रथम पायांनीं फळी लोटावी. पाय जवळजवळ सरळ झाले कीं धड किंचित्‌ मागें न्यावें. आणि त्यानंतरच कोपरें वाकवून मूठ बरगड्यांच्या खालच्या कडेपाशीं आणावी. परततांना याच्या नेमका उलट क्रम: आधीं हात सरळ, मग धड पुढें, आणि मूठ गुडघ्यांपलीकडे गेल्यावर मग गुडघे वाकवावयाचे. पाय, पाठ, हात. हात, पाठ, पाय. हा मंत्र पाठ झाला कीं अर्धी विद्या साधली.

उरलेली अर्धी विद्या ठेक्याची. ओढण्यास जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ परत येण्यास द्यावा. जातें ओढणाऱ्या स्त्रिया ओवीच्या लयींत दळीत, कारण लय सुटली कीं श्रम दुप्पट वाटतात. हेंच येथेंही लागू आहे. मिनिटास अठरा ते वीस वेळां ओढणें पुरेसें आहे. ओढतांना श्वास सोडावा, परततांना घ्यावा. श्वास कोंडून ओढण्याची संवय अत्यंत घातक होय, कारण त्यायोगें रक्ताचा दाब एकाएकीं वर चढतो.

चुका बहुधा तीनच होतात. पहिली, पायांच्या आधीं हात ओढणें. यानें खांदे आणि मान भरून येतात. दुसरी, शेवटीं फार मागें रेलणें. यानें पोटावर व कमरेवर वृथा ताण पडतो. तिसरी, परततांना घाईनें गुडघे वर उचलणें, त्यामुळें मूठ गुडघ्यांवरून उचलून न्यावी लागते आणि सगळी लय मोडते. या व्यायामांत सर्वांत अधिक दुखणारा अवयव म्हणजे कंबर. आणि तिच्या दुखण्याचें कारण बहुतेक वेळां थकल्यावरही चालू ठेवलेला व्यायाम हेंच असतें. पाठ वाकूं लागली कीं त्या दिवसाचा व्यायाम संपला असें समजावें.

आरंभ अगदीं थोड्यानें करावा. पहिल्या आठवड्यांत एक दिवसाआड, एक मिनिट वल्हवणें व एक मिनिट विसांवा, अशीं पांच मिनिटें झालीं तरी पुरे. पुढें दर आठवड्यास एक-सवा मिनिट वाढवीत गेल्यास सुमारे तीन महिन्यांत वीस मिनिटांपर्यंत पोंचतां येतें. मध्यम चालीनें, म्हणजे ५०० मीटरला ३ मिनिटें या गतीनें, वीस मिनिटांत सुमारे ३,३०० मीटर अंतर होतें. श्रमाचें प्रमाण ठरविण्यास सर्वांत सोपी कसोटी बोलण्याची आहे. वल्हवतांना शेजाऱ्याशीं वाक्य पुरें बोलतां आलें पाहिजे. गाणें म्हणतां येत असेल तर श्रम थोडा कमी पडतो आहे. एक शब्दही सुटत नसेल तर तो अतिरेक आहे. रक्तदाबाचीं कांहीं औषधें नाडीची गति दाबून ठेवतात. तीं घेणाऱ्यांनीं नाडीच्या आंकड्यावर विसंबूं नये, ही बोलण्याची कसोटीच वापरावी.

परभणीच्या हवेचाही विचार केला पाहिजे. वैशाखांत येथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखालील व्यायामशाळेंत दुपारीं वल्हवणें म्हणजे आजाराला आमंत्रण. उन्हाळ्यांत पहाटेची वेळ धरावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आधीं व नंतर पाणी प्यावें. पौषांतली येथील थंडीही साधी नसते. त्या दिवसांत अंथरुणांतून उठून थेट यंत्रावर न बसतां घरांतल्या घरांत पांच-सात मिनिटें चालून अंग ऊबदार करून घ्यावें. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटीं व्यायाम करूं नये आणि खडीसाखर जवळ असूं द्यावी.

पोशाखाची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण ती तशी नाहीं. सरकत्या आसनाखालीं चाकें असतात. साडीचा पदर, धोतराचा सोगा किंवा ओढणीचें टोक त्यांत सांपडून अपघात होऊं शकतो. म्हणून स्त्रियांनीं या वेळेपुरतें ओढणी न घेतां सलवार-कमीज, आणि पुरुषांनीं पायजमा किंवा विजार, अशीं आटोपशीर वस्त्रें घालावींत. अनेक घरांतील आजीबाईंचा व्यायाम केवळ या पोशाखाच्या संकोचापायीं राहून जातो. हा संकोच दूर करण्याचें काम त्यांचें नसून घरांतील इतरांचें आहे.

यंत्र विकत घेण्याची घाई मात्र करूं नये. तें महाग असतें, उभ्या माणसापेक्षांही लांब असल्यामुळें खोली अडवतें, आणि पुष्कळ घरांत शेवटीं कपडे वाळत घालण्याच्या उपयोगीं पडतें! प्रथम एखाद्या व्यायामशाळेंत दोन-तीन महिने सराव करून पाहावा. घ्यावयाचेंच झाल्यास आसनाची उंची पाहावी. कांहीं यंत्रांचें आसन जमिनीपासून हात-भरापेक्षांही कमी उंचीवर असतें, कांहींचें साधारण खुर्चीइतकें उंच असतें; गुडघे धरलेल्यांस दुसरेंच बरें. महाराष्ट्रांतील शहरांच्या उद्यानांतून उघड्यावर जीं व्यायामाचीं साधनें बसविलेलीं असतात, त्यांतही वल्हवण्याच्या नांवाचें एक साधन पुष्कळदां दिसतें. तें फुकट आहे आणि उपयोगीही आहे. परंतु त्यांत मनुष्य स्वतःच्याच वजनाचा भार उचलीत असतो, आणि तो भार कमी करण्याची सोय नसते. म्हणून त्यावर बसणाऱ्यानें ओढण्याची संख्या कमी ठेवावी आणि झटके देऊं नयेत.

येथवर ऐकल्यावर एखादा श्रोता म्हणेल, आयुष्यभर कधीं व्यायाम केला नाहीं, आतां सत्तरीला हें शिकून काय साधणार? परभणीकर स्वतःच हंसत हंसत सांगतात ती एक म्हण आहे: ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ शरीराच्या बाबतींत पुष्कळांची वृत्ति अशीच असते. जमलें तर जमलें, नाहीं तर पडेल तेथें पडावें. या वृत्तीला उत्तर म्हणून आयर्लंडमधील रिचर्ड मॉर्गन या गृहस्थांचें उदाहरण देण्यासारखें आहे. पाव भाजण्याचा आणि पुढें बॅटऱ्या बनविण्याचा व्यवसाय केलेल्या या गृहस्थांनीं नियमित व्यायामास आरंभ केला तो वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं. पुढें ते आपल्या वयोगटांत या यंत्रावरील शर्यतींचे चार वेळां जगज्जेते झाले. ते ब्याण्णव वर्षांचे असतांना शास्त्रज्ञांनीं त्यांची तपासणी केली. दोन हजार मीटरच्या चांचणींत त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटास १५३ पर्यंत गेले, आणि शरीरांत चरबी अवघी १५ टक्क्यांच्या आसपास आढळली. त्यांच्या दिनक्रमांत चमत्कार कांहींच नव्हता. रोज सुमारे चाळीस मिनिटें वल्हवणें. त्यांतील बहुतांश सौम्य, थोडें कष्टाचें आणि अगदीं थोडें पूर्ण जोराचें. शिवाय आठवड्यांतून दोन-तीनदां हलकीं वजनें उचलणें, आणि भरपूर प्रथिनांचा आहार.

एका असामान्य माणसावरून सर्वांना नियम लावणें शहाणपणाचें नव्हे, हें खरें. सर्वांनीं जगज्जेते व्हावें असा या उदाहरणाचा अर्थ नाहीं. अर्थ इतकाच कीं, स्नायू वयाचा दाखला मागत नाहींत. त्यांच्यावर बेताचा भार टाकला, विश्रांति दिली आणि पुरेसें अन्न दिलें, तर सत्तरीनंतरही ते प्रतिसाद देतात. आहाराचा भाग आपल्याकडे विशेष ध्यानांत ठेवला पाहिजे. वृद्धांच्या ताटांत भाकरी किंवा भात बराच असतो, पण वरण पातळ होत जातें आणि उसळ दांतांच्या कारणानें वर्ज्य होते. शिजवून मऊ केलेल्या डाळी, दूध, दहीं, ताक, शेंगदाण्याचें कूट, आणि खाणाऱ्यांस अंडीं व मासे, यांवांचून नुसत्या व्यायामानें स्नायू भरून येत नाहींत. मूत्रपिंडांचा विकार असणाऱ्यांनीं मात्र आहार वैद्याच्या सल्ल्यानेंच ठेवावा.

कोणी हा व्यायाम करूं नये हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका आला आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यांत नाहीं, ज्यांना अंतर्गळ आहे, ज्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनीं डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मुठीस हात लावूं नये. हाडें ठिसूळ होऊन ज्यांच्या पाठीचा मणका पूर्वीं दबलेला आहे त्यांना पुढें वाकून भार ओढणें धोक्याचें असतें. इतरांनींही आरंभापूर्वीं एकदां प्रकृति तपासून घ्यावी. वल्हवतांना छातींत दुखणें, डावा हात किंवा जबडा भरून येणें, भोंवळ, अथवा न शमणारी धाप, यांपैकीं कांहींही जाणवल्यास तत्क्षणीं थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. ‘थोडें पुरें करून मग थांबूं’ हा विचार त्या वेळीं मनांत येऊं देऊं नये.

आणि शेवटची मर्यादा यंत्राची स्वतःची. हा व्यायाम बसून होतो. म्हणून उभें राहण्याची कला तो शिकवीत नाहीं. हाडांना बळकटी येते ती मुख्यतः उभ्या शरीराचा भार त्यांवर पडल्यानें, आणि तोल सुधारतो तो तोल सांभाळण्याच्या सरावानें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं पासष्टीपुढील माणसांसाठीं जें मार्गदर्शन केलें, त्यांत आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम, निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, आणि निदान तीन दिवस तोल व बळ यांचा एकत्रित सराव, असे तीन भाग सांगितले आहेत. वल्हवण्यानें पहिला भाग उत्तम साधतो, दुसऱ्यास हातभार लागतो, तिसरा मात्र उरतो. तेव्हां सकाळचें फिरणें यंत्र आणल्यावर बंद करूं नये. भिंतीजवळ उभें राहून एका पायावर दहा सेकंद तोल धरणें, आणि हातांचा आधार न घेतां खुर्चीवरून दहा वेळां उठणें, या दोन गोष्टी ज्यांच्याजवळ यंत्र नाहीं त्यांनाही करतां येतात. किंबहुना त्यांनीं प्रथम याच कराव्यात.

वल्हेकऱ्याचें एक वैशिष्ट्य असें कीं, नाव ज्या दिशेनें जाते तिकडे त्याची पाठ असते. पुढचा कांठ त्याला दिसत नाहीं. दिसतो तो मागें पडलेला प्रवाह. वृद्धांच्या जीवनाचेंही कांहींसें असेंच आहे. पुढचें दिसत नाहीं म्हणून वल्हें टाकून द्यावें असें कोणताही नावाडी म्हणत नाहीं. तो ठेका सांभाळतो. सहा महिन्यांच्या सरावानंतर पडद्यावर कोणता आंकडा दिसतो यास फारसें महत्त्व नाहीं. पाटावर बसलेलें माणूस कोणाचाही हात न धरतां स्वतःच्या पायांवर उठलें कीं नाहीं, हीच त्या सरावाची खरी परीक्षा होय.